पापणीचं ऑपरेशन म्हणजे नुसतं ब्युटी पार्लर नव्हे

संपादक महोदय,

पापणीची सर्जरी म्हटलं की लोकांना फक्त सुरकुत्या घालवणं आठवतं. माझ्या भाचीची एक पापणी जन्मापासून खाली आलेली, सगळे म्हणायचे मोठी झाली की बघू, पण पापणीने बाहुली झाकली तर लहानपणी नजर नीट तयारच होत नाही आणि डोळा आळशी राहतो, हे आम्हाला ऑक्युलोप्लास्टीवाल्या, म्हणजे पापण्या आणि डोळ्याच्या आजूबाजूच्या भागाची सर्जरी करणाऱ्या, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

हे डॉक्टर नेत्रविशारद झाल्यावर परत १-२ वर्षं फेलोशिप, म्हणजे याच कामाचं खास प्रशिक्षण, करतात. म्हणजे एवढं शिकून पुन्हा विद्यार्थीच! पण ते लागतंच. डोळ्याची खोबण ७ हाडांची, आत जागा जेमतेम ३० मिली, त्यातच ऑप्टिक नर्व्ह (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस), स्नायू, रक्तवाहिन्या. ऑपरेशननंतर डोळ्यामागे रक्त साठलं तर तासा-दीड तासात प्रेशर उतरवावं लागतं, नाहीतर नजर जाऊ शकते, आणि हे पुस्तक वाचून हातात येत नाही, सीनियरच्या शेजारी उभं राहूनच येतं. थायरॉइडमुळे पुढे आलेले डोळे, अपघातात तुटलेली अश्रूनलिका, ट्यूमर, सगळं यांच्याकडेच.

म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, फेलोशिप कशात केलीय आणि अशा केसेस किती केल्यात. चांगला डॉक्टर चिडत नाही.

– एक वाचक