गुळवेलीला चीक नसतो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रानवेलींच्या औषधी चिकावर लेख आला आहे. त्यात एक वाक्य आहे : 'गुळवेलीचा चीक रोज सकाळी उपाशीपोटी कपभर घ्यावा.' सात शब्दांच्या या वाक्यात तीन चुका आहेत. एक शब्दाची, एक मापाची आणि एक 'रोज'ची. शब्दाची चूक किरकोळ वाटेल, पण बाकीच्या दोन तिच्याच पाठोपाठ येतात, म्हणून आधी तिच्याबद्दल.

झाडाला खाप पडली की आपोआप ठिबकतो तो चीक. रुईला असतो, वडाला, उंबराला, कच्च्या फणसाला असतो. गुळवेलीला नसतो. ताजी गुळवेल कापली तर कापावर पाण्यासारखा नितळ, बोटाला बुळबुळीत लागणारा ओलावा येतो. ठिबकत काही नाही. रस हवा तर ती कुटून पिळावीच लागते. गुळवेल समजून कापलेल्या वेलीतून दुधासारखे काही आले, तर ती गुळवेल नाही. टाकून द्यावी, हात धुवावेत आणि ते डोळ्यांना लावू नयेत.

ओळखीत गफलत होते ती पानामुळे. बदामी, विड्याच्या पानासारखे पान एवढ्यावर भागत नाही. तशी पाने निम्म्या रानवेलींची असतात आणि उन्हाळ्यात तर गुळवेलीची पाने झडलेलीच असतात. खोड पाहावे. वरची साल कागदासारखी पातळ, राखाडी-पिवळट, नखाने ओढली तर सुटते आणि खाली हिरवा थर दिसतो. आडवा काप घेतला की आत गाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. संस्कृत निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांत, गुळवेलीला 'चक्रलक्षणिका' म्हटले आहे ते यावरूनच. चव कडू. तिच्याच गणातली टिनोस्पोरा क्रिस्पा पानाने जवळजवळ तशीच दिसते, पण तिचे खोड चामखिळींसारख्या दाट गाठींनी भरलेले असते आणि कापल्यावर दुधट स्राव येतो. गुळवेलीच्या जुन्या खोडावरही पांढुरके ठिपके असतात, ते हाताला किंचित खरखरीत लागतात. पण चामखीळ ती चामखीळ, एकदा दोन्ही खोडांवरून बोट फिरवले की पुन्हा चुकत नाही. तिसरी बहीण टिनोस्पोरा सायनेन्सिस. तिच्या पानाच्या मागच्या बाजूला लव असते. गुळवेलीचे पान दोन्हीकडून गुळगुळीत. पहाडवेलीचा देठ पानाच्या कडेला नव्हे तर आत, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो, त्यामुळे तिथे गोंधळाचे कारणच नाही, तरी लोक करतात.

आता रस. करंगळीपेक्षा जाड, शक्यतो अंगठ्याएवढे खोड घ्यावे. कोवळ्या हिरव्या फांदीत पाणीच जास्त. पाने झडलेली असताना, म्हणजे नवी पालवी फुटण्याआधी काढलेले खोड चांगले मानतात. रस्त्याकडेची आणि गटाराकाठची वेल नको, तिच्या सालीत धूळ आणि धूर मुरलेला असतो. कडुनिंबावर चढलेली उत्तम असे जुने लोक सांगतात. मात्र गुळवेल बांडगुळासारखी दुसऱ्या झाडाचा रस शोषत नाही, तिला फक्त आधार हवा असतो, म्हणून 'निंबावरची' या नावाखाली दुप्पट भाव देण्याची गरज नाही.

१०० ग्रॅम खोडाची कागदी साल काढून बोटभर तुकडे करावेत आणि दगडी खलात किंवा पाट्यावर ठेचावेत. लोखंडी खलबत्ता नको, रस काळवंडतो. मिक्सरही नको, तंतू पात्याभोवती गुंडाळतात आणि हाती फेसच येतो. ठेचलेल्या चोथ्यात तेवढेच, म्हणजे १०० मिली पाणी घालून हाताने कुस्करावे आणि सुती फडक्यातून पिळावे. नुसते ठेचून पिळले तर थेंबभरच मिळते, आणि लोक तिथेच वैतागून पाण्याचा मारा करतात. मग तो रस कसला. वेल वाळलेली असेल तर दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळतात. काढलेला रस त्याच दिवशी संपवायचा. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेल्या बाटलीला आंबूस वास येऊ लागतो आणि घेणारा समजतो की औषधाचा वासच तसा.

माप मात्र कपात नाही, चमच्यात. शार्ङ्गधर संहितेत, या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, ताज्या स्वरसाची, म्हणजे पिळून काढलेल्या रसाची, मात्रा अर्धा पळ सांगितली आहे. पळ साधारण ४८ ग्रॅमचा धरतात, म्हणजे २४ ग्रॅमच्या आसपास. आजचे वैद्य १० ते २० मिली देतात, दोन ते चार छोटे चमचे. चहाचा कप १५० मिलीचा. म्हणजे लेखात शास्त्राच्या सहापट मात्रा सुचवली आहे, आणि तीही निरोगी माणसाला. चमच्यांची मात्राही तापात किंवा प्रमेहात (मधुमेहासारख्या विकारात) वैद्य ठरावीक दिवसांसाठीच देतात. ती चहासारखी सवय म्हणून घ्यायची नाही.

'रोज'बद्दल तर अधिकच स्पष्ट लिहायला हवे. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली घराघरांत काढे सुरू झाले. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झालेली पाहिली आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वेल नेमकी कोणती होती हे तपासलेलेच नाही. आक्षेप रास्त होता. पण २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांमधून अशाच ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा 'ती दुसरी वेल असेल' एवढ्यावर विषय सोडून देता येत नाही. गुळवेल रोगप्रतिकार यंत्रणेला चाळवते. हाच तिचा गुण, आणि ज्यांची ही यंत्रणा आधीच स्वतःच्या शरीरावर उलटली आहे त्यांच्यासाठी हाच दोष. हाशिमोटोचा थायरॉइड, संधिवात (आमवात प्रकारचा), सोरायसिस, ल्युपस असलेल्यांनी आणि अवयव प्रत्यारोपणानंतर औषधे घेणाऱ्यांनी ती आपणहून घेऊच नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांची साखर जास्त खाली येऊ शकते, गरोदर स्त्रियांनी टाळावी. घेताना भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करावी. डॉक्टरांना 'काही औषध घेत नाही' असे सांगू नये. काढा हेही औषधच.

लेखात गुळवेल सत्त्वाला 'वाळवलेला चीक' म्हटले आहे. इथे लेखकाची चूक झाली तरी शब्द योगायोगाने जवळ गेला आहे, कारण सत्त्व काढण्याची रीत कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तीच. साल काढलेले जाड खोड ठेचायचे, चौपट पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी पाणी बुळबुळीत आणि फेसाळ होईपर्यंत हाताने चोळायचे, फडक्यातून गाळायचे आणि न हलवता चार-सहा तास ठेवायचे. तळाशी पांढरा थर बसतो. वरची निवळ अलगद ओतायची, पुन्हा स्वच्छ पाणी घालून एकदा धुवायचे, परत निवळ काढायची आणि थर ताटात पसरून वाळवायचा. किलोभर ओल्या खोडातून २०-३० ग्रॅम निघाले तर हात बसला म्हणावे. उन्हाळ्यात दुपारपर्यंत भिजत ठेवले की पाणी आंबते, सत्त्व तपकिरी आणि आंबट होते. जाड थर लावून वाळवले की आतून बुरशी येते. चार-चार वेळा धुऊन शुभ्र केले की उरतो तो बव्हंशी नुसता पिष्ट (स्टार्च). कडू द्रव्ये पाण्याबरोबर मोरीत गेलेली असतात. ती निवळ फेकू नये. मंद आचेवर आटवली की घन होतो, आणि संशमनी वटी अशाच घनाच्या गोळ्या असतात.

बाजारात सत्त्वाच्या नावाने आरारूट किंवा टॅपिओकाचे पीठही खपते. आयोडीनचा थेंब टाकून निळे झाले म्हणजे खरे, असा एक समज आहे. ते फसवे आहे. निळे आरारूटही होते आणि बटाटाही. दूध-साखरेसारखे लख्ख पांढरे आणि जिभेवर कडूपणाचा अंशही नाही, असे सत्त्व संशयास्पद समजावे.

बाकीच्या वेलींना लेखात एकेका ओळीत उरकले आहे, त्यातल्या दोन-तीन ओळी सुधारायला हव्यात. वासनवेलीचाही 'चीक' नव्हे, पानांचा रस घ्यायचा असतो आणि त्याची गंमत अशी की तो थिजतो. दोन मुठी लवदार पाने पेलाभर गार पाण्यात चुरगळून लगेच गाळावीत आणि पेला न हलवता ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांत हिरवी जेली तयार होते, चमच्याने काप पडतात. खडीसाखर घालून ती उन्हाळी लागल्यावर, लघवीच्या जळजळीवर देतात. गाळायला उशीर झाला तर चोथ्यातच थिजते आणि फडक्यातून काहीच उतरत नाही. थोड्या तासांनी जेलीला पाणी सुटते, तेव्हा ती लगेच खायची.

कांडवेलीचा कच्चा रस पिण्यास सांगणे तर धोक्याचे आहे. तिच्या चौकोनी कांड्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चा रस घशाला टोचतो, ओठ सुजतात. म्हणून जिथे ती खातात तिथे कोवळी कांडी चिंच घालून शिजवतात किंवा तुपात तळतात, आणि सोलताना हाताला तेल लावतात. हाड मोडल्यावर तिचा लेप लावण्याची रीत जुनी आहे, पण हाड आधी जागेवर बसवून पक्के बांधायला हवे. लेपाने वाकडे बसलेले हाड सरळ होत नाही.

उक्षीच्या खोडातले पाणी औषध म्हणून दिले आहे. सह्याद्रीच्या रानात झरे आटल्यावर लोक ते तहानेसाठी पितात, तेवढेच. त्यातही आधी वरचा घाव घालायचा आणि मग खालचा. उलटे केले तर पाणी खोडातच वर ओढले जाते.

कळलावीचे नाव या यादीत कसे आले ते कळत नाही. तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असते, थोड्या मात्रेतही जीव जाऊ शकतो. तिचा रस, कंद, बी, काहीच घरी वापरायचे नाही.

येत्या रविवारच्या पुरवणीत निदान दोन ओळींची दुरुस्ती छापावी : 'कपभर' ऐवजी 'वैद्याच्या सल्ल्याने दोन ते चार छोटे चमचे, ठरावीक दिवस', आणि कळलावी वगळावी. लेखाचे कात्रण काढून फ्रिजवर चिकटवणारे वाचक असतात. दुरुस्तीही त्याच पानावर, त्याच जागी यावी.

आपले,
वनौषधींचे दोन अभ्यासक