भोंगा आणि तुझी हाक

आइंडहोवन,
सोमवार, 3 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी आज पत्र लिहायला बसलोय. फोनवर बाबांपर्यंत निम्मंच पोचतं. मग आई मध्ये बसून तेच मोठ्याने परत सांगते, आणि त्या नादात तिचं स्वतःचं काय विचारायचं होतं ते राहून जातं. म्हणून आई, हे तू वाचून दाखवू नकोस. बाबांना चष्मा लावून सावकाश वाचू दे. शेवटचा भाग तर त्यांच्यासाठीच आहे.

गुरुवारी रात्री अडीचच्या सुमारास आमच्या वरच्या मजल्यावरचा स्मोक अलार्म वाजला. आग नव्हती, हे आधीच सांगतो. आम्ही दोघंही दचकून उठलो. ही खाली स्वयंपाकघर बघायला धावली, मी चिऊच्या खोलीत. अलार्म तिच्या दारापासून चार पावलांवर, छताला. आवाज असा की दात शिवशिवावेत. आणि चिऊ झोपलेली. गालाखाली हात, तोंड जरासं उघडं, श्वास एका लयीत. दिवा लावला, तरी नाही. उचलून खांद्यावर घेतलं, जिना उतरलो, दार उघडून बाहेर गारठ्यात उभा राहिलो, तेव्हा कुठे तिने मान हलवली आणि म्हणाली, "बाबा, पाय गार पडले."

सकाळी अलार्म खाली काढून पाहिला, तर जाळीला कोळ्याचं बारीक जाळं. बाबा, हे यंत्र तुम्हाला आवडेल. आत एक काळोखी डबी असते. तिच्यात एक छोटा दिवा आणि एक प्रकाश ओळखणारा डोळा, पण दोघं समोरासमोर नाहीत. एरवी दिव्याचा उजेड डोळ्यात पडतच नाही. धूर शिरला की उजेड त्याच्यावर आपटून इकडेतिकडे पसरतो, थोडा डोळ्यात जातो आणि अलार्म वाजतो. आजोळच्या माजघरात कौलातल्या काचेतून कवडसा पडायचा ना? एरवी लक्षही जायचं नाही, पण आजीने चूल पेटवली की तोच कवडसा जाडजूड पांढरा दिसायला लागायचा. तेच हे. फक्त धुराऐवजी धूळ, वाफ किंवा कोळी आत शिरला तरी त्याला फरक कळत नाही.

कोळ्याचं काही नाही, पुसून टाकलं. पण झोपलेल्या चिऊचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. कारण मीही असाच झोपलो होतो. आठवतंय ना आई?

पण आधी कंपनीच्या भोंग्याचं सांगतो. भोंगा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चार-पाच वर्षांचा असेन. धाटावच्या कॉलनीत आपल्या दारापुढच्या ओट्यावर बसून मुरमुरे खात होतो. आधी गुरगुर आली, मग ती चढत चढत गेली आणि आभाळभर झाली. जांभळीवरचे कावळे एकदम उठले, कुत्र्यांनी गळे काढले. मी मुरमुऱ्यांसकट तुझ्या पदरात. तू पोळी लाटत होतीस, हात न थांबवता म्हणालीस, "सोमवारचा आहे रे, तपासायचा. ऐक, वरखाली होतोय का सरळ आहे?" एवढ्याशा पोराला तू घाबरू नकोस म्हणाली नाहीस, ऐक म्हणालीस. वरखाली झाला तर धोका, एकसुरी लांब वाजला तर धोका टळला. मला बाराखडीच्या आधी हे येत होतं.

मग ती 4 मार्चची आठवण. राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून कंपनीने घरच्यांना आत बोलावलं होतं. गेटजवळ हाताने फिरवायचा भोंगा होता, वीज गेली तर वापरायचा. लाल रंगाचे पोपडे निघालेले, दांड्याला ग्रीस. बाबा, तुम्ही मला फिरवायला दिलात. दोन्ही हात लावले तरी दांडा हलेना. तुम्ही माझ्या हातांवर हात ठेवलेत. पहिला फेरा विहिरीच्या रहाटासारखा जड गेला, दुसऱ्याला आत काहीतरी घरघरलं, आणि पाचव्या-सहाव्या फेऱ्याला आवाज सुटला तो थेट माझ्या छातीतून. तेव्हा तुम्ही सांगितलंत की आत भोकं पाडलेलं एक चाक फिरतं, ते हवा कापतं, आणि चाक जितकं वेगात तितका सूर वर. मी दांडा सोडला, सूर आपोआप खाली उतरत गेला. ग्रीसचा वास दोन दिवस हाताला होता, मी मुद्दाम साबण लावला नाही. भोंग्याची भीती गेली ती त्या दिवशी.

परत येताना, सायकलवर, तुम्ही भोपाळचं सांगितलंत. 1984 साली वायुगळतीच्या त्या रात्री तिथल्या कारखान्याचा बाहेरच्या लोकांसाठीचा भोंगा वाजला, पण लगेच बंद केला गेला. लोकांत उगीच घबराट नको, अशी तिथली रीत होती म्हणे. माणसं झोपेतच राहिली. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत, पॅडल मारत राहिलात. त्यानंतर दर सोमवारी भोंगा वाजला की मला बरं वाटायचं.

आजोळी भोंगा कुठला! तिथे शिमग्याच्या आगेमागे डोंगराला वणवा लागला की देवळाची घंटा थांबायचीच नाही. एरवी घंटा म्हणजे एक टोल, नमस्कार, संपलं. ती न थांबता वाजली की अंगावर काटा यायचा. आणि आजी पडवीत उभी राहून हाळी द्यायची, ती नुसती "आग, आग" अशी नाही. एकेका घराचं, एकेका माणसाचं नाव घेऊन. नाव ऐकलं की तो माणूस ओला टहाळ तोडून डोंगराकडे निघालेला असायचा. आजी असं का करायची ते मला या आठवड्यात कळलं.

आता ती रात्र. मी तिसरीत होतो, बाबा रात्रपाळीला. एका कंपनीत सॉल्व्हंटच्या पिंपांना आग लागली आणि भोंगा वरखाली सुरू झाला. ताई उठली, शेजारी उठले, पोलिसपाटलांचा म्हातारा कुत्रासुद्धा उठला. मी नाही. तुम्ही सगळे अजून सांगता की भोंगा दहा मिनिटं वाजत होता. मला त्यातला एक सूरही आठवत नाही. मला आठवतो तो तुझा आवाज, कानाशी, अगदी हलका. "बाळ, ऊठ. चप्पल घाल. माझा हात धर." तीन वाक्यं. मी उठलो, चप्पल घातली, हात धरला. तू दिवा न लावता मागच्या दारी गेलीस आणि दोरीवरची साडी कुठल्या बाजूला उडतेय ते पाहिलंस. वारा कंपन्यांकडून कॉलनीवर येत होता. मग वाऱ्याला पाठ देऊन पळायचं नाही, आडवं जायचं, आणि खोलगटात न थांबता चढाकडे, कारण जड वायू खाली साचतात. बाबांनी शिकवलेलं तू तसंच्या तसं केलंस. ओले टॉवेल तोंडाला धरून आपण टेकाडावरच्या शाळेत जाऊन बसलो. एमआयडीसीचे बंब एकामागून एक घंटा वाजवत गेले, ताई ते मोजत होती. उजाडता उजाडता एकसुरी भोंगा झाला. बाबा आले ते भिजलेले, भुवयांना फेस सुकून चिकटलेला, आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं, "वाऱ्याला आडवे गेलात ना?"

इथे आलो त्या पहिल्या महिन्यात ऑफिसात जेवणाच्या वेळी भोंगा झाला. मी डबा तसाच ठेवून खिडकीशी गेलो आणि समोरच्या इमारतीवरचा झेंडा कुठे उडतोय ते पाहिलं. बाकीचे ब्रेडला लोणी लावत होते. एकाने सांगितलं, महिन्याचा पहिला सोमवार, दुपारी बारा, देशभर चाचणी असते, 1 मिनिट 26 सेकंद. आजही झाली, तुम्हाला लिहायचं ठरवलं ते त्या आवाजातच. धाटावच्या भोंग्याचाच चुलतभाऊ वाटतो.

पण इमारतीतल्या अलार्मचा सूर इथे निराळा. चिऊच्या शाळेत सराव झाला, तेव्हा घरी येऊन म्हणाली, "तो आवाज जिना चढतो." अगदी बरोबर ओळखलंन. साडेतीन सेकंदांत 500 हर्ट्झपासून 1200 पर्यंत चढतो, अर्धा सेकंद थांबतो, पुन्हा पहिल्यापासून. कामाला जर्मनीत गेलो तर तिथे बरोब्बर उलटं, वरून सुटतो आणि एका सेकंदात खाली. ताईकडे अमेरिकेत तीन टोल आणि मग थोडी विश्रांती, पुन्हा तीन. चार टोल आणि लांब विश्रांती असेल तर आग नाही, कार्बन मोनॉक्साइड. चिऊला मी हे सगळं तोंडाने काढून दाखवतो, आणि प्रत्येकाला काय करायचं ते ती मला सांगते. तुझंच चालवतोय.

घरात मात्र 1 जुलै 2022 पासून प्रत्येक मजल्यावर अलार्म लावणं इथे कायद्याने सक्तीचं आहे. तू आली होतीस तेव्हा ठेच्याच्या मिरच्या भाजताना तो वाजला होता. मी वरून खाली येईपर्यंत तू शेगडी बंद केलेली, चिऊला काखोटीला मारलेलं आणि दाराबाहेर अनवाणी उभी. मला म्हणालीस, "आधी बाहेर, मग चौकशी." तेव्हा चिऊ जागी होती, म्हणून मला वाटलं की ती तयार आहे.

गुरुवारनंतर मी वाचायला घेतलं. लहान मुलांना या चिरक्या आवाजाने जाग येत नाही, हे बऱ्याच जणांनी तपासलेलं आहे. अमेरिकेत कोलंबसच्या मुलांच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी 2018 मध्ये 5 ते 12 वर्षांच्या 176 मुलांवर प्रयोग केला. गाढ झोपेत नेहमीचा अलार्म वाजवला, तर निम्म्याहून थोडीच अधिक उठली, 53 टक्के. आईच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली सूचना वाजवली, तर जवळजवळ नव्वद टक्के. खोलीबाहेर पडायला अलार्मवर साधारण पाच मिनिटं लागली, आईच्या आवाजावर अर्ध्या मिनिटाहून कमी. पुढे त्यांना परक्या माणसाच्या आवाजानेही चांगलाच गुण आलेला दिसला, म्हणजे मुळात माणसाचा आवाज हवा. पहिल्या प्रयोगातल्या काही सूचनांत मुलाचं नाव घेऊन हाक मारली होती. आजी पडवीत उभी राहून जे करत होती तेच. हे वाचताना मला रडू आलं, लपवत नाही.

शनिवारी रात्री आम्ही करून पाहिलं. अकरा वाजता, चिऊ गाढ झोपेत. हिने दारातूनच नाव घेऊन हाक मारली, "ऊठ, दाराकडे चल." दुसऱ्या हाकेला पोरगी उठून बसली आणि डोळे अर्धे मिटूनच चालायला लागली. आता ठरलं आहे. अलार्म वाजला की मी तिच्या खोलीत, हाक मारत मारत जायचं. ती स्वतः उठेल असं धरून चालायचं नाही.

बाबा, आता तुमचं.

माझा मित्र डिसेंबरात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दोन अलार्म पाठवतोय. एक जिन्यापाशी, एक तुमच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये छताला. स्वयंपाकघरात नको, फोडणीला वाजत बसेल आणि मग आई त्याची बॅटरी काढून ठेवेल. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. या अलार्मचा सूर 3,100 हर्ट्झच्या आसपास असतो. वय झालं की कान आधी वरचे सूर सोडतात, आणि तुमची तर सव्वीस वर्षं कॉम्प्रेसरच्या आवाजात गेली. 520 हर्ट्झचा खालचा सूर झोपेतल्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कितीतरी चांगला जागवतो, हे सिद्ध झालेलं आहे. तुमच्या पेटीवर पांढरी एकचा तार षड्ज दाबा, जवळजवळ तोच. अलार्मचा सूर त्याच्या अडीच सप्तकं वर. अलीकडे सोमवारचा भोंगा ऐकू येतो पण दाराची बेल येत नाही म्हणता, त्याचं कारण हेच असणार.

तेव्हा अलार्म लावून झाले की एक करा. दुपारी, कानातलं मशीन काढून, खोलीचं दार लोटून पलंगावर पडा. आई बाहेरून बटण दाबेल. ऐकू आलं तर उठून बाहेर या. नाही आलं तर नाही आलं म्हणून मला स्वच्छ कळवा, त्यात काही कमीपणा नाही. खालच्या सुराचा मिळतो, आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही मिळते, मी बघतो. महिन्यातून एकदा तपासायचा. सोमवार धरा, लक्षात राहील.

तब्येतीला जपा. ताईला आणि भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळ

ता. क. आई, त्या रात्रीची तीन वाक्यं तुझ्या आवाजात भरून मला फोनवर पाठव. इथे आवाज भरता येणारा अलार्म मिळाला तर त्यात घालीन, नाहीतर चिऊला निदान ऐकवीन. "बाळ"च्या जागी तिचं नाव घे. मोठ्याने म्हणू नकोस, तेव्हा तू ओरडली नव्हतीस.