महसूलमंत्र्यांना खुले पत्र : ज्या घराची पूरभरपाई सरकारने दिली, तेच घर मला पुराचा उल्लेखही नसलेल्या कागदांवर विकलं गेलं

मा. महसूल मंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळूर

सविनय नमस्कार.

मी निपाणी तालुक्यात वेदगंगेकाठच्या एका गावात राहते आणि मराठी शाळेत शिकवते. गावाचं नाव लिहिलेलं नाही, त्याचं कारण पुढे येईलच. आपल्याला वेळ कमी असतो हे जाणून चार ओळींत लिहायचं ठरवलं होतं. पण परवा शेजारच्या घराला रंग द्यायला माणसं आली आणि ते चार ओळींत मावेना.

त्यांनी आधी भिंती घासल्या, मग पुट्टी भरली, मग प्रायमर. खिडकीच्या चौकटीखाली छातीइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती, जुलै २०२४ च्या पुराची. दुसऱ्या हातात ती गेली. घर विकायला काढलंय. २०२२ साली असंच ताज्या रंगाचं घर मी विकत घेतलं.

२६ लाखांना घेतलं. त्यात १५ लाख कर्ज, महिन्याला साडेचौदा हजारांचा हप्ता. बाकीच्यात माझ्या आईचे पैसे आहेत. तिने निपाणीत चाळीस वर्षं विड्या वळल्या. तंबाखूने तिची बोटं कायमची पिवळी झाली आणि छाती भरली ती भरलीच. तिला एकच हौस होती, भाड्याच्या खोलीत मरायचं नाही.

घर घेताना जे बघायचं ते सगळं आम्ही बघितलं. उतारा काढला, ई.सी. म्हणजे बोजाचा दाखला काढला, वकिलांकडून मालकीचा सर्च घेतला, ई-स्वत्तूचे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या संगणकी नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११-ए घेतले. बोजा नाही, वाद नाही, वारसाची हरकत नाही. मला कन्नड बोलता येतं, पण खरेदीपत्रातलं कन्नड कळत नाही, म्हणून एजंटाने वाचून दाखवलं त्यावर सही केली. जिथे १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असं केंद्राने १९५६ सालीच सांगितलंय. आमच्या तालुक्यात ते कुठे दिसतं, मला दाखवा. पण खरं सांगायचं तर कागद मराठीत असता तरी त्यात पूर नव्हताच. मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस, सरचार्ज, वर नोंदणी शुल्क १ टक्का, असे पावणेदोन लाखांच्या आसपास सरकारने माझ्याकडून घेतले आणि शिक्का मारून दिला.

आता जुलै २०२४ ची रात्र सांगते. पाणी नदीकडून येईल म्हणून आम्ही पुढच्या दाराला लक्ष ठेवून होतो. ते मोरीतून आलं. आधी जाळीत गुडगुड झालं, मग झुरळं बाहेर पडली, शेकड्यांनी, भिंतीवर चढत गेली. तेव्हाच शेजारच्या वहिनी धावत आल्या. म्हणाल्या, "बाई, झुरळं निघाली ना? आता अर्धा तास. आईंना वर घ्या." त्यांना कसं माहीत, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही. माझी आई त्या रात्री त्यांच्या गच्चीवर ताडपत्रीखाली बसून राहिली. नवरा इचलकरंजीला सूतगिरणीत, रस्ते बंद, तो तिकडेच अडकला. पुढचे नऊ दिवस गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात. केंद्र माझ्याच शाळेत होतं. ज्या वर्गात मी चौथीला शिकवते त्याच वर्गात, फळ्याखाली, मी आईला झोपवलं. माझ्याच विद्यार्थ्यांसमोर ताट घेऊन रांगेत उभी राहिले. ते अजून गळ्यातून उतरलेलं नाही.

परत आलो तर पोत्यातल्या जोंधळ्याला मोड आलेले. आईची ट्रंक उघडली तर तिचा विडी कामगाराचा पास आणि माझ्या वडिलांचा एकुलता एक फोटो एकमेकांना चिकटून लगदा झालेला. आणि साहेब, भिंतीवरचा रंग पापडासारखा सुटून खाली पडला होता. आतून जुना चुना दिसत होता. त्या चुन्यावर दुसरी रेघ होती, आमच्या पुराच्या रेघेपेक्षा वीतभर वर.

ती रेघ कशाची, ते पंचनाम्याला आलेल्या माणसाने सांगितलं. घर क्रमांक विचारला, यादी उघडली आणि म्हणाला, "हे घर आधीच आहे की. २०१९, बी वर्ग. भरपाई उचललेली आहे." नाव अर्थातच आधीच्या मालकाचं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर सरकारने पडक्या घरांचे नुकसानीप्रमाणे ए, बी, सी असे वर्ग केले. ए वर्गाला ५ लाख जाहीर झाले. माझ्या घराचं नुकसान मोजलं गेलं, फोटो निघाले, पैसे खात्यावर गेले. म्हणजे हे घर बुडतं हे सरकारच्या दप्तरी घर क्रमांकासकट लिहिलेलं होतं. तीन वर्षांनी त्याच घराची खरेदी त्याच सरकारच्या खात्यात नोंदली गेली, आणि तेव्हा त्या दप्तरातलं एक अक्षरही माझ्यापुढे आलं नाही. मी दिलेले पावणेदोन लाख कशाचे होते? आमचा पंचनामा झाला, अर्ज झाले, चकरा झाल्या. पाहणीला आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याने दारात उभं राहून शब्द दिला की खरेदीचा कागद जोडा, नाव बदलून घेऊ, पुढच्या पावसाळ्याआधी गावात पूररेषेचे दगडही बसवू. दगड बसले नाहीत. गेल्या महिन्यात एका कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं. सदर घरास यापूर्वी लाभ दिलेला आहे. लाभ! माझ्या आईच्या चाळीस वर्षांच्या कमाईवर चिखल बसला त्याला तुमच्या भाषेत लाभ म्हणतात का?

लोक म्हणतात, विकणाऱ्यावर केस कर. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ आहे. घरातला असा दोष, जो विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला सहजी दिसत नाही, तो त्याने सांगायलाच हवा. माझ्या वकिलांनी ते मला वाचून दाखवलं आणि पुढे विचारलं, किती वर्षं लढणार? विकणारा आता पुण्याला असतो. हप्ता भरून माझ्याकडे उरतं काय की मी कोर्टाच्या पायऱ्या चढू? आणि मनातलं सांगते, त्या माणसाचा मला राग येतो आणि येतही नाही. त्यानेही पूर सोसला होता, तोही सुटायला बघत होता. पण सरकार कुठून सुटायला बघत होतं?

गावाचं नाव लिहीत नाही ते यासाठी. उद्या नाव छापून आलं तर इथल्या घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही. आमच्या ओळीत चाळीसेक घरं आहेत, निम्म्यांवर कर्ज आहे. एकट्या बाईने खरं बोललं तर ती शेजाऱ्यांची वैरीण होते. कायद्याने सगळ्या घरांचं एकदम सांगितलं तर कोणी कोणाचं वैरी होत नाही. म्हणून हे तुमचं काम आहे, माझं नाही.

इथून चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तिथे पंचगंगेला निळी रेषा आणि लाल रेषा आखलेली आहे. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिथेही रेषेच्या आत बांधकामं होतात, बिल्डर रेषा सरकवायला बघतात, हे मला माहीत आहे. पण घर घेणारा निदान विचारू शकतो, की बाबा, रेषेच्या आत की बाहेर? आम्ही काय विचारायचं? आमच्याकडे पूररेषा म्हणजे भिंतीवरचा डाग, आणि तो एक डबा रंगात जातो. पूरक्षेत्रात बांधकामावर बंधन घालणारं नमुना विधेयक केंद्राने १९७५ साली राज्यांना पाठवलं होतं. मणिपूरसारख्या छोट्या राज्याने १९७८ मध्ये कायदा केला. आपल्या राज्याने केला नाही. २००५ ला पूर आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला, २०२४ ला आला. यमगर्णीला पाणी चढून पुणे-बेंगळूर महामार्ग बंद पडतो तेव्हा सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे येतात. रस्ता सुरू झाला की तेही जातात आणि तुमचे अधिकारीही.

पावसाळा आला की दोन्ही राज्यांचं भांडण सुरू होतं. महाराष्ट्र म्हणतो अलमट्टीचा फुगवटा, तुम्ही म्हणता कोयनेचा विसर्ग. अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायची, ते कज्जे चाललेच आहेत. कोण खरं ते इंजिनिअर सांगतील. आमच्या वेदगंगेचं पाणी पाटगावकडून, महाराष्ट्रातून येतं. ते किती सुटलं हे आम्हाला कोण सांगतं? व्हॉट्सॲपवर कोणाचा तरी मेव्हणा सांगतो. १९५६ पासून आम्ही कोणाचे यावर मोर्चे झाले, लाठ्या झाल्या, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. आमच्या भाषेवर, आमच्या पाट्यांवर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचं बारीक लक्ष असतं. मोरीतून पाणी वर येतं तेव्हा दोन्हीकडचं कोणी नसतं.

साहेब, याला नवी योजना लागत नाही. पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, संगणकावर आणणारं राज्य म्हणून भूमी योजनेचं देशभर कौतुक झालं. सोसायटीचं वीस हजारांचं पीककर्ज उताऱ्यावर चढतं. नदी मात्र चढत नाही. २०१९, २०२१ आणि २०२४ च्या पंचनाम्यांच्या याद्या तुमच्याकडे आहेत. त्या ई-स्वत्तूवर घर क्रमांकापुढे लावा. खरेदी नोंदवण्याआधी घेणाऱ्याला ते पान दाखवा, त्याच्या भाषेत, आणि त्यावर त्याची सही घ्या. दारात दिलेला शब्द पाळून पूररेषेचे दगड बसवा. आणि रेषेच्या आत अडकलेल्यांना उंचावर जागा द्या, नाहीतर ही घरं एकमेकांच्या गळ्यात बांधून पळण्याशिवाय लोकांना दुसरी वाट नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ टक्क्याचं २ टक्के केलंत. ते एका आदेशाने झालं, मग हे का होत नाही?

शेजारचं घर बघायला एक जोडपं येऊन गेलं. मुलगी पोटुशी आहे. भिंतीवरून हात फिरवत ती म्हणाली, "रंग किती छान दिलाय." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी येऊन त्या माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, एवढं आमचं होऊ दे. गप्प राहा." याच वहिनींनी माझ्या आईला गच्चीवर घेतलं होतं.

रविवारी ते जोडपं टोकन द्यायला येणार आहे. त्या मुलीने मला विचारलं तर मी खोटं बोलू शकणार नाही, आणि खरं बोलले तर वहिनींना तोंड दाखवू शकणार नाही. पंचनाम्याच्या दिवशी त्या यादीत मी शेजारचा क्रमांकही बघितला होता. २०१९, सी वर्ग.

आपली,
वेदगंगेकाठची एक शिक्षिका