बी विंगमधल्या ताईला, माझ्या पहिल्या गेमिंग पीसीसाठी थँक्यू

ताई,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तू "चल गं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकावंच लागेल.

पीसी चालू होऊन आज तीन आठवडे झाले आणि रोज रात्री तो बंद करताना मला तो जिना आठवतो जिथे मी तुला पहिल्यांदा मोबाईलवर एका दुकानाची पीसीची ऑफर दाखवली होती. आय सेवन प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, चारी बाजूंनी लाइट मारणारं कॅबिनेट, सगळं मिळून अठ्ठावीस हजार. माझ्याकडे पंचावन्न हजार होते, तीस आईची भिशी लागली त्याचे आणि पंचवीस माझ्या शिकवण्यांचे, आणि मला वाटत होतं की अर्ध्यातच काम होतंय, उरलेल्या पैशांत खुर्ची पण येईल. तू एवढंच विचारलंस, "कुठल्या जनरेशनचा आय सेवन?" मला माहीतच नव्हतं. त्या दुकानात फोन करून विचारलं तर आय सेवन 2600. तू म्हणालीस अगं ही 2011 ची चिप आहे, रॅम पण जुन्या पिढीची, डीडीआर3, आणि ते चार जीबीवालं कार्ड जीटी 730 म्हणजे 2014 चं, मेमरी चार जीबी असली म्हणून कार्ड फास्ट होत नाही.

मग तू विचारलंस मी खेळते काय. व्हॅलोरंट. त्यावर तू जे सांगितलंस ते मला कोणीच सांगितलं नसतं, की विंडोज 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट ही पीसीतली सुरक्षेची फीचर्स लागतात आणि एवढा जुना प्रोसेसर विंडोज 11 च्या लिस्टमध्येच नाही. म्हणजे ज्या एका गेमसाठी मी सगळं करत होते तिथेच अडकले असते, आणि भिशी काय दरवर्षी पहिली लागत नाही.

पण खरं थँक्यू पुढच्या गोष्टीसाठी आहे. मला वाटलं आता तू यादी देशील आणि मी जाऊन आणेन. तू यादी दिलीच नाहीस. वहीच्या पानावर दोन रकाने आखलेस, एकात पार्ट आणि दुसऱ्यात "का", आणि म्हणालीस भरून आण, ज्याच्यासमोर का लिहिता येणार नाही तो घ्यायचा नाही. मी चार दिवस वाचत बसले. लिक्विड कूलरसमोर काहीच लिहिता आलं नाही, तो गेला, प्रोसेसरच्या डब्यात जो फॅन येतो तो पुरतो. प्रोसेसरसमोर मी आय थ्री 12100 एफ लिहिलं आणि स्वतःलाच पटेना, आय सेवन सोडून आय थ्री? तेव्हा तू दाखवलंस की त्या जुन्या 2600 ला आणि ह्याला, दोघांनाही चारच कोअर आणि आठच थ्रेड आहेत, फक्त मध्ये अकरा वर्षं गेलीत. तिथे वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डात टाकायचा, म्हणून आरएक्स 6600 आठ जीबी बसलं. रॅमसमोर सोळाची एक स्टिक न घेता आठच्या दोन, का तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन स्टिक एकत्र काम करतात आणि रॅम जास्त फास्ट चालते. हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, तू त्याखाली रेघ मारलीस.

लॅमिंग्टन रोडचा तो शनिवार तर मी विसरूच शकत नाही. बाबा बरोबर आले होते आणि पहिल्या दुकानातला माणूस सगळं बाबांकडे बघून सांगत होता, मी विचारलं तरी उत्तर बाबांना. तू शांतपणे म्हणालीस, "पीसी तिचा आहे, पैसे पण तिचे आहेत, तिला सांगा." मला रडूच येणार होतं तिथे काउंटरवर. बाबा पण नंतर ट्रेनमध्ये म्हणाले की ती बरोबर बोलली.

त्याच दुकानात कॅबिनेटसोबत एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, फ्री देत होते, वर मोठ्ठं 450 वॅट छापलेलं. तू तो उलटा केलास आणि मला स्टिकर वाचायला लावलास. कार्ड आणि प्रोसेसर ज्यावर चालतात त्या 12 व्होल्टवर 16 अँपिअर, म्हणजे फक्त 192 वॅट. कार्ड 132 खातं, प्रोसेसर जोरात असताना 89 पर्यंत जातो, झाले 221. हा हिशोब मी स्वतः मोबाईलवर केला आणि आपण तिथून निघालो. दुसरीकडे ब्राँझ रेटिंगवाला, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा एसएमपीएस घेतला, कॅबिनेट पुढून जाळीचं घेतलं कारण मे महिन्यात जोगेश्वरीत आमच्या त्या खोलीत काचेचं कॅबिनेट म्हणजे भट्टीच, आणि प्रत्येक डब्याचा सिरियल नंबर पक्क्या बिलावर लिहून घेतला, वॉरंटीला तोच लागतो. सगळे डबे मांडीवर घेऊन आपण ग्रँट रोडहून दुपारची स्लो पकडली, मॉनिटर बाबांनी पूर्ण रस्ताभर दोन्ही हातांनी धरला होता.

रात्री साडेदहाला सगळं जोडून बटण दाबलं, फॅन फिरला आणि स्क्रीन काळी. आई मागे उभी होती, काही बोलत नव्हती, त्यानेच जास्त भीती वाटली. तुला फोन केला तर तू झोपेतून उठून पहिलं विचारलंस, "एचडीएमआय केबल कुठे लावलीयेस?" मदरबोर्डला लावली होती. एफवाल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच, केबल कार्डाला लावायची. खाली लावली आणि डिस्प्ले आला, आणि आई जोरात "आलं!" म्हणाली ते तू फोनवर ऐकलंस ना? मग तू फोन ठेवला नाहीस, रॅम पूर्ण स्पीडला चालावी म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी ऑन करून घेतलंस, विंडोज टाकून होईपर्यंत थांबलीस आणि मॉनिटर 60 हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांवरच अडकलाय तो सेटिंगमध्ये जाऊन 100 करायला लावलास. बारा वाजून गेले होते आणि सकाळी तुला ऑफिस होतं.

ते वहीचं पान मी बिलांसोबत फाईलला लावून ठेवलंय. आणि तुझा मॅग्नेटवाला स्क्रूड्रायव्हर अजून माझ्याकडेच आहे, उद्या संध्याकाळी वर घेऊन येते, आईने तुझ्यासाठी नारळाच्या वड्या केल्यात.

तुझीच,
ए विंगमधली