ते छायाचित्र आर्मस्ट्राँग यांचे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचे छायाचित्र कालच्या अंकात एवढे मोठे छापलेत, त्याबद्दल आधी आभार. पण त्याखालची ओळ वाचून संताप आला. ‘नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर उभे राहून टिपलेला पृथ्वीचा उदय.’ एका ओळीत दोन चुका.

हे छायाचित्र २४ डिसेंबर १९६८ चे. अपोलो ८ या अंतराळयानातून विल्यम अँडर्स यांनी काढलेले. आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले ते पुढच्या वर्षीच्या जुलैत. अँडर्स, बोरमन आणि लॉव्हेल हे अपोलो ८ मधले तिघे अंतराळवीर तर चंद्रावर उतरलेच नव्हते. सुमारे ११० किलोमीटर उंचीवरून त्यांनी दहा प्रदक्षिणा घातल्या. पहिल्या तीन फेऱ्यांत पृथ्वी अशी उगवताना त्यांना दिसलीच नाही. चौथ्या फेरीत बोरमन यान वळवत होते, तेव्हा ती अँडर्स यांना खिडकीतून दिसली. त्यांच्या कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म होती. एक फोटो त्यांनी त्यावरच काढला आणि लॉव्हेल यांच्याकडे घाईघाईने रंगीत रोल मागितला. एवढ्या धांदलीत हाती लागलेल्या चित्राखाली निदान नाव तरी खरे हवे होते!

‘उभे राहून’ हे तर त्याहून चूक. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. म्हणून त्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी दिसते, आपल्या चंद्रासारखी ती रोज उगवत-मावळत नाही. अँडर्सना ती उगवताना दिसली, कारण त्यांचे यान चंद्रामागून पुढे येत होते.

फोटोखालची ओळ कोण एवढी वाचतो, असे कोणी म्हणेल. मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. साधारण १९९४ ची गोष्ट. जिल्ह्याच्या प्रश्नमंजूषेत आमच्या शाळेची सातवीतली एक मुलगी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती. नेमका हाच फोटो दाखवून ‘कोणी काढला?’ असे विचारले. तिने क्षणात ‘विल्यम अँडर्स’ म्हटले, आणि उत्तर चूक ठरले. परीक्षकांच्या कागदावर आर्मस्ट्राँग होते. मी उठून मंचाजवळ गेलो, तर त्यांनी मला एका वर्तमानपत्राचे कात्रण दाखवले. छापून आले आहे म्हणजे खरेच असणार! माझ्याजवळ त्या वेळी दाखवायला पुस्तक नव्हते. “कार्यक्रम पुढे जाऊ द्या, सर,” असे ऐकून मी जागेवर येऊन बसलो. त्या दोन गुणांनी तिचा पहिला नंबर गेला. परतताना एसटीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सर, वर्गात तुम्ही सांगितलं ते चूक होतं का?”

नाही, चूक नव्हते. पण ते कात्रण आजही डोळ्यांसमोर आहे, आणि काल तेच पुन्हा छापल्यासारखे वाटले. कालचे छायाचित्रही कुठल्या तरी शाळेच्या फलकावर एव्हाना लागले असेल. म्हणून दुरुस्ती कोपऱ्यातल्या बारीक अक्षरात नको. त्याच पानावर, त्याच जागी, अँडर्स यांच्या नावासकट छापा. ते २०२४ च्या जूनमध्ये गेले. एवढा मान त्यांना द्यायलाच हवा.

पत्र लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. संकष्टीला आपण चंद्रोदयाची वेळ देता ती मुंबईची. आमच्याकडे चंद्र साधारण वीस मिनिटे आधी उगवतो. माझी आई नव्वदीला आली आहे, अजूनही संकष्टीचा उपवास करते. गेल्या संकष्टीला चंद्र कडुलिंबाच्या वर आला होता आणि ती आत देवघरात आपल्या अंकातली वेळ होण्याची वाट बघत उपाशी बसली होती. विदर्भाच्या आवृत्तीत विदर्भाची वेळ द्या.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, वर्धा