मंत्रिमहोदय, त्या सुईत काय होतं?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी कळव्याला राहते. माझ्या मुलाच्या कण्यात ज्यांनी सुई टोचली, त्याच क्लिनिकचा नवा फलक काल ठाणे स्टेशनबाहेर दिसला, म्हणून लिहायला बसले. ‘लकव्यावर स्टेम सेल, कोणतेही दुष्परिणाम नाहीत.’ स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. सात महिन्यांपूर्वी माझी लेखी तक्रार घेणाऱ्या साहेबांनी पंधरा दिवसांत कारवाईचा शब्द दिला होता. ती कारवाई म्हणजे हा फलक का?

माझा मुलगा चोवीस वर्षांचा. घोडबंदर रोडवर भर पावसात स्कूटर खड्ड्यात गेली आणि त्याचा कणा मोडला. छातीखाली त्याला काही कळत नाही. तेव्हापासून मी रात्री दर दोन तासांनी उठून त्याची कूस बदलते, लघवीची पिशवी बघते. माकडहाडावरची जखम एकदा हाडापर्यंत गेली होती. ती मी रोज धुतली आहे, साहेब. तुमच्या फाइलीला तो वास येतो का?

अपघाताला आठ महिने झाल्यावर नवी मुंबईतल्या त्या क्लिनिकमध्ये गेलो. ह्यांचा सगळा पीएफ आणि पतपेढीचं कर्ज मिळून सव्वापाच लाख भरले. तिथले डॉक्टर म्हणाले, “नाळेतल्या पेशी कोवळ्या असतात, शरीर त्यांना परकं मानतच नाही.” कण्यात दुसरं इंजेक्शन दिलं त्या रात्री पोराला १०३ ताप, मान ताठ, डोकं फुटतंय म्हणून ओरडत होता. क्लिनिकचा फोन बंद.

त्याला नेलं त्या रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून मला समजावलं. नाळेतल्या असल्या तरी त्या दुसऱ्याच्या बाळाच्या पेशी. जवळजवळ प्रत्येक पेशीवर एचएलए नावाच्या ओळखीच्या खुणा असतात. त्या जुळल्या नाहीत की आपल्या रक्तातल्या टी पेशी, म्हणजे परक्यांशी लढणारे पहारेकरी, तुटून पडतात. धडधाकट मज्जारज्जूला रक्तातल्या पेशी अडवणारं कुंपण असतं, इजा झाली की नेमकं तेच फाटतं. म्हणून दुसऱ्याच्या पेशी घालताना टॅक्रोलिमससारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यावं लागतं, आणि ते दिलं की संसर्गाची भीती, मूत्रपिंडावर भार. आमच्या मुलाचं काय तपासलं? रक्तगट! ताप पेशींमुळे आला की घाणेरड्या सुईमुळे, हेही आता कळायचं नाही, कारण काय टोचलं याची नोंदच नाही. बिलावर फक्त ‘न्यूरो पॅकेज’.

जपानच्या केइओ विद्यापीठाने डिसेंबर २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मज्जारज्जूत आयपीएस पेशींपासून (म्हणजे साध्या पेशी प्रयोगशाळेत पुन्हा मूळ पेशींसारख्या केलेल्या) बनवलेल्या चेतापेशींच्या पूर्वपेशी घातल्या. इजेला महिनाही न झालेले चारच रुग्ण घेतले, प्रत्येकी वीस लाख पेशी, पुढे वर्षभर देखरेख. २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं, चौघांपैकी दोघांची हालचाल सुधारली. तिथे इतकं जपून पाऊल टाकतात, आणि इथे लकवा, ऑटिझम, गुडघे सगळं एकाच फलकावर.

आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पण त्या पाळायला लावणार कोण? दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा. आपलं राज्य अजून १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर भागवतंय. मी जाते तिथे ‘हे आमच्याकडे येत नाही’ ऐकते. खड्डा कुणाच्या हद्दीतला हे ठरत नाही, सुई कुणाच्या अखत्यारीतली हे ठरत नाही. गरिबाच्या पोराचं शरीर कुठल्याच खात्यात येत नाही का?

त्या क्लिनिकचा फ्रीज सील करा. पेशी कुठून आणल्या त्याचे कागद मागवा. फलक उतरवा. पैसे परत मिळाले तर हप्ते सुटतील, पण त्यासाठी हे लिहीत नाहीये.

फलकाचा फोटो मी मोबाइलवर काढला होता. रात्री मुलाने तो पाहिला आणि विचारलं, “आई, आपलं तिसरं इंजेक्शन राहिलंय ना?” त्याला काय उत्तर देऊ, ते मला लेखी कळवा.

कळव्यातली एक आई