पिशवी खांद्यावर की चाकांवर

न्यूपोर्ट-ऑन-टे, स्कॉटलंड
९ मे

तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "एवढे पैसे भरून गोल्फ खेळायला जातोस आणि पिशवी स्वतःच वाहतोस? तिकडे त्या छोट्या गाड्या नाहीत का?" मी तेव्हा डंडीच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत उभा होतो, त्यामुळे हसून विषय टाळला. परंतु प्रश्न मनातून गेला नाही आणि त्याचे उत्तर फोनवर मावणारेही नव्हते, म्हणून हे पत्र.

तुमच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र असेल, याची मला कल्पना आहे. येरवड्याच्या गोल्फ मैदानाच्या कुंपणालगत तुम्ही कितीतरी वर्षे सायकलने कामावर गेलात, आणि आत मोकळ्या हातांनी चालणारा साहेब व त्याच्या मागे भलीमोठी पिशवी खांद्याला अडकवून चालणारा एखादा पोरगा, हेच दृश्य तुम्ही रोज पाहिलेत. त्या हिशेबाने पिशवी वाहणे हे चाकरीचे काम ठरते, आणि मुलाने शिकून-सवरून साता समुद्रांपलीकडे जाऊन तीच पिशवी हौसेने उचलावी, हे तुम्हाला चमत्कारिक वाटले तर त्यात नवल नाही. (त्या पोरांना मात्र कमी लेखू नये. दिल्लीच्या अली शेर यांनी कॅडी म्हणून, म्हणजे अशीच पिशवी वाहण्यापासून, सुरुवात केली आणि १९९१ साली इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली.)

इथे चित्र वेगळे आहे. सेंट अँड्र्यूजसारख्या नामांकित ठिकाणी आजही कॅडी मिळतात, पण ते प्रामुख्याने दूरदेशीच्या पाहुण्यांसाठी. माझ्या नऊ होलच्या, म्हणजे चेंडू खळग्यात घालायचे नऊ टप्पे असलेल्या, लहानशा क्लबात डॉक्टर, नळजोडणीवाला आणि निवृत्त शाळामास्तर असे सगळेच आपापली पिशवी आपणच नेतात. मुळात पिशवी ही वस्तूच या खेळात उशिरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कॅडी मोजके क्लब (चेंडू मारायच्या काठ्यांनाही क्लबच म्हणतात) नुसते काखेत धरून चालत असत. पुढे पिशव्या आल्या, लाकडी दांड्यांच्या जागी पोलादी दांडे आले, आणि काही खेळाडू पंचवीस-तीस क्लब घेऊन मैदानावर उतरू लागले, तेव्हा अमेरिकेत १९३८ साली आणि इकडे १९३९ साली चौदा क्लबांची मर्यादा घालण्यात आली. ते चौदा क्लब, चेंडू, पाण्याची बाटली, छत्री आणि इथल्या आकाशावर विश्वास नसल्यामुळे नेहमी बाळगावा लागणारा पावसाळी कोट, असे सगळे धरून माझी पिशवी बारा किलोंच्या आसपास भरत असे.

बारा किलो घेऊन अठरा होलचे, म्हणजे आमच्या मैदानाच्या दोन फेऱ्यांचे, सात-आठ किलोमीटर चालणे, हे ऐकायला जेवढे कठीण वाटते तेवढे नाही. खरा त्रास चालण्याचा नसून उचलण्या-ठेवण्याचा आहे, आणि हे मला फार उशिरा उमगले. माझे एका खेळीत साधारण पंच्याण्णव फटके होतात. त्यांतले ग्रीनवरचे, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक हिरवळीवरचे, छत्तीसेक वजा केले तरी साठ वेळा पिशवी खाली ठेवायची, क्लब काढायचा, मारायचे आणि पुन्हा वाकून पिशवी खांद्याला लावायची. तुम्ही धान्याची पोती उचलणाऱ्या हमालांना पाहिले आहे. पोते पाठीवर बसले की ते चालू लागतात, कंबर जाते ती पोते घेताना आणि टाकताना. दोन वर्षांपूर्वी माझीही कंबर अशीच धरली होती. मी ते तुम्हाला कळवले नाही, कारण आईने लगेच काढे आणि लेप सुचवले असते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका खांद्यावरचा पट्टा बंद करून दोन्ही खांद्यांवर शाळेच्या दप्तरासारखी बसणारी पिशवी घ्यायला लावली. या पिशवीला पुढे दोन पाय असतात. ती जमिनीला टेकवली की पाय आपोआप उघडतात आणि ती तिरकी उभी राहते, त्यामुळे पूर्वीसारखे खाली वाकावे लागत नाही.

दुसरा उपाय मी स्वतःच केला. चौदांपैकी सात क्लब घरी ठेवले. पिशवी सात किलोंवर आली, आणि खेळ बिघडेल ही भीतीही खोटी ठरली. पाच नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने) चेंडू फार लांब जाईल आणि सात नंबरचा कमी पडेल असे अंतर समोर आले की पूर्वी मी सहा नंबरचा काढून मोकळा होत असे. आता पाचावरच हात थोडा आवरून मारावा लागतो. समुद्राकडून वारा सुटला की तसेही क्लबांवरचे आकडे फारसे उपयोगी पडत नाहीत.

ढकलायच्या ट्रॉलीबद्दलही सांगतो, कारण ती तुम्हाला पसंत पडेल. तीन चाकांची ही गाडी भाजी आणायच्या पिशवीगाडीची थोरली बहीण वाटते. विजेरीवर आपोआप चालणारीही मिळते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात आठ पुरुष खेळाडूंवर एक चाचणी झाली होती. नऊ होलच्या खेळात पिशवी खांद्यावर वाहताना सुमारे ७२१ कॅलरी खर्च झाल्या, ट्रॉली ढकलताना ७१८, आणि गाडीत बसून फिरताना ४११. म्हणजे ओझे खांद्यावरून चाकांवर गेले तरी शरीराचा खर्च जवळजवळ तेवढाच राहिला. शिवाय सर्वांत कमी फटके ट्रॉलीवाल्या खेळींत आणि सर्वांत जास्त खांदेवाल्या खेळींत झाले. आठ माणसांवरून मी फार मोठा निष्कर्ष काढणार नाही, पण माझ्या कंबरेचे मत या चाचणीशी जुळते. असे असूनही मी ट्रॉली घेतलेली नाही, त्याचे कारण साधे आहे. आमचे मैदान डोंगराच्या उतारावर आहे, तिथे आडव्या चढावर ट्रॉली सतत खालच्या बाजूला ओढ घेते; आणि हिवाळ्यात जमीन मऊ झाली की चाकांचे चर पडतात म्हणून क्लब ट्रॉलींना मनाई करतो.

आता बसून जायच्या गाडीकडे येतो. तिला अमेरिकेत कार्ट म्हणतात, इकडे बग्गी. मावसभावाकडे फ्लोरिडाला गेलो होतो तेव्हा तिचा पूर्ण अनुभव घेतला. तिथे कार्टचे भाडे खेळाच्या शुल्कातच धरलेले होते, त्यामुळे "मी चालतो" म्हणणारा मी कार्यालयातल्या मुलीला विक्षिप्त वाटलो. पण पहिला होल संपल्यावर लक्षात आले की तिथे चालणे खरोखरच अवघड आहे, कारण मैदान बंगल्यांच्या वसाहतीतून वळणे घेत जाते आणि एक ग्रीन संपले की पुढची टी, म्हणजे पुढच्या होलचा पहिला फटका मारायची जागा, दोन रस्ते ओलांडून कुठेतरी लांब असते. मैदान आखतानाच माणूस गाडीत बसलेला गृहीत धरला आहे. त्यात आदल्या रात्री पाऊस झाला होता, म्हणून गाडी फक्त सिमेंटच्या वाटेवरच ठेवायची अशी सक्ती होती. चेंडू वाटेपासून साठ पावले दूर. तिथे कोणता क्लब लागेल याचा अंदाज बांधून तीन क्लब हातात घेऊन निघायचे आणि पोचल्यावर कळायचे की हवा असलेला चौथा गाडीतच राहिला आहे. भावाचा चेंडू नेहमी डावीकडे आणि माझा उजवीकडे, त्यामुळे एका गाडीत बसूनही आम्ही चार तासांत धडपणे बोललो नाही. पायपीट मात्र बरीच झाली, आणि तीही नुसती हेलपाट्यांची.

याच्या उलट सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान, ओल्ड कोर्स. गेल्या सप्टेंबरात एका सहकाऱ्यामुळे मला तिथे खेळायची संधी मिळाली. एका ग्रीनवरून उतरले की पुढची टी जवळच असते, आणि अख्खे मैदान गावातून निघून खाडीकडे जाते व वळून पुन्हा गावात येते. चालताना पुढचा फटका वाटेतच मनात तयार होतो. वारा कुठल्या गालाला लागतो आहे, पायाखालची वाळूची जमीन किती कडक आहे, हे चेंडूपाशी पोचण्याआधीच कळलेले असते. गाडीत बसणाऱ्याला हे सगळे उतरल्यावर नव्याने जुळवावे लागते.

तुम्ही तीन वेळा आळंदीहून पंढरपूरला पायी गेलात. पहिल्या वर्षी सगळे सामान पाठीवर घेतले होते आणि पुढच्या वेळी ते दिंडीच्या ट्रकमध्ये टाकलेत. तरी तुमची वारी उणी झाली असे कोणी म्हटले नाही. पण तुम्ही स्वतः ट्रकमध्ये बसला असता, तर आजोबांनी काय म्हटले असते ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. माझे मत नेमके एवढेच आहे: ओझे कशावरही जावो, खेळणाऱ्याने पायी जावे.

ज्याला चालताच येत नाही त्याला मात्र हा नियम लावू नये. अमेरिकेत केसी मार्टिन नावाच्या व्यावसायिक खेळाडूच्या उजव्या पायात जन्मजात रक्ताभिसरणाचा विकार होता, आणि स्पर्धेत सर्वांनी चाललेच पाहिजे असा पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचा आग्रह होता. जॅक निकलॉस आणि अर्नोल्ड पामर यांच्यासारख्या थोर खेळाडूंनी टूरच्या बाजूने साक्ष दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल मार्टिनच्या बाजूने लागला. त्याने गाडी वापरल्याने खेळाचे मूळ स्वरूप बदलत नाही, असे न्यायालयाने ठरवले. मी चालण्याचा एवढा कैवारी असूनही मला हा निकाल योग्यच वाटतो.

हे तुमच्या गुडघ्यासाठी सांगितले. जुलैत याल तेव्हा आमच्या क्लबात मी बग्गीसाठी आधीच नाव घालून ठेवीन. वैद्यकीय कारणासाठी ठेवलेल्या दोन बग्ग्या आहेत, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणा. तुम्ही बग्गीत बसा, मी बाजूने चालेन, आणि पिशवी तुमच्या मागे ठेवली तर मला मुळीच कमीपणा वाटणार नाही.

आणखी एक बेत आहे. ओल्ड कोर्सवर रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि मैदान फिरायला मोकळे असते. गावातले लोक कुत्री आणि मुले घेऊन त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर खुशाल हिंडतात. शेवटच्या होलवरचा तो लहानसा दगडी पूल गावाच्या अगदी जवळ आहे, तुमच्या गुडघ्याला तेवढे अंतर जमेल. आईला चालताना थांबून बोलायची सवय आहे, त्यामुळे विश्रांतीही आपोआप होईल. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो, घाई करायचे कारण नाही. येताना छत्री तेवढी आणा, मी ती पिशवीतून कमी करतो.

कळावे.

आपला आज्ञाधारक मुलगा,
सुहास